झाकलेला मुलगा परत आला

फ्रेमसाठी प्रिंट काढायची म्हणून मी कोमलचा फोटो उघडला आणि तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. कोमलच्या शेजारी तो मुलगा उभा होता. ज्याला मी माझ्या हातानं फोटोतून घालवलं होतं, तो सूट घालून, केस चापूनचोपून, आरामात हसत होता. आणि कोमलचं लग्न त्याच दिवशी दुपारी होतं. दुसऱ्या मुलाशी.

केजला आमचा फोटो स्टुडिओ आहे. आमचे हे कॅमेरा घेऊन गावोगाव फिरतात, मी कॉम्प्युटरवर बसते. फोटो निवडणं, अल्बम लावणं, कुणाचे डोळे मिटले असतील तर उघडून देणं, हे सगळं माझ्याकडे. लोक यांना 'फोटोग्राफरसाहेब' म्हणतात आणि मला 'ताई, जरा गोरं करा'.

कोमल म्हणजे कापड दुकानवाल्या आप्पांची मुलगी. तिचा पहिला साखरपुडा मोडला होता. का मोडला, त्याच्या गावात तीन गोष्टी आहेत, मी त्यात पडत नाही. पुढे थोड्याच दिवसांत कोमलची आई गेली. आजारी पडायच्या आधीचा, हसरा असा आईचा फोटो शोधला तर एकच निघाला, आणि तोही नेमका त्याच साखरपुड्यातला. आई मागे उभी आहे. एक हात कोमलच्या गजऱ्यावर, दुसरा त्या मुलाच्या खांद्यावर.

आप्पा तेव्हा स्वतः येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसले होते.

"ताई, ह्यो पोरगा काढा. ह्याचं बोटसुदा दिसाया नको."

"आप्पा, काकूंचा एक हात पण जाईल त्याच्यासोबत."

त्यांनी स्क्रीनवर त्या हाताला बोट लावलं. "जाऊ द्या," म्हणाले.

मी क्रॉप केला. क्रॉप म्हणजे फोटोची कड कापून टाकणं, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. शिंपी ब्लाउज शिवताना जास्तीचं कापड कापत नाही, आत दुमडून टीप मारतो. त्याला माया ठेवणं म्हणतात. फोटोच्या सॉफ्टवेअरचंही तसंच. मूळ फोटो जसाच्या तसा ठेवायचा आणि कुठली कड दुमडली ते स्वतःच्या पोटात लिहून ठेवायचं. या सगळ्याला मिळून आम्ही लायब्ररी म्हणतो.

आता झालं काय, यांनी नवा कॅमेरा घेतला. त्याचे फोटो आमचं जुनं सॉफ्टवेअर उघडेना. मग नवा कॉम्प्युटर आला, नवं सॉफ्टवेअर आलं. नव्यानं विचारलं, जुनी लायब्ररी आणू का? आम्ही म्हटलं, आण बाबा. रात्रभर ते चाललं. सकाळी हिरवी टिक आली. मी जुन्यातले आणि नव्यातले फोटो मोजून बघितले, आकडा बरोबर जुळला.

"बघ! उगं घाबरत हुतीस," हे म्हणाले. "समदे आले की."

फोटो सगळे आलेच होते. टिपा तेवढ्या उसवल्या होत्या.

ते मला आत्ता कळत होतं. आणि यांनी त्याच नव्या लायब्ररीतून कोमलच्या लग्नाचा स्लाइड शो बनवला होता. अल्बम निवडला, बटण दाबलं, पेन ड्राइव्ह खिशात टाकली आणि पहाटेच दिंद्रुडच्या रस्त्याला लागले. उघडून बघायचं? कशापायी बघायचं? समदे आले की! लग्न तिकडच्याच मंगल कार्यालयात होतं. मोठा एलईडी पडदा लावणार होते. आईचा फोटो मोठा दिसला पाहिजे, हे कोमलनं दोनदा बजावून सांगितलं होतं. आणि आप्पांनी त्याच्याही आधी माझ्या कानात सांगितलं होतं की पाव्हण्यांना त्या पहिल्या साखरपुड्यातलं काही माहीत नाही.

भर मांडवात, नवरदेवाच्या आईबापासमोर, भिंतीएवढा तो मुलगा!

यांना फोन लावला. उचलेनात. शूटिंगच्या वेळी यांचा फोन सायलेंट करून बॅगेत असतो, कितीदा भांडले असेन त्यावरून. मेसेज टाकला, एकच टिक. कोमलला लावला, तिच्या मैत्रिणीनं उचलला. "नवरी मेकअपला बसलीय, काय सांगू तिला?" काय सांगणार? म्हटलं, "काही नाही, ठेव." आप्पांना लावायचं धाडस झालं नाही. त्यांचा रक्तदाब मला माहीत आहे.

मग पाणी प्यायले आणि काम केलं. फोटो परत क्रॉप केला. या वेळी एक्स्पोर्ट केला, म्हणजे दुमडलेला भाग खरंच सोडून नवी कॉपी काढली, ज्यात तो मुलगा असूच शकत नाही. स्लाइड शो पुन्हा बनवला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतला आणि स्टँडकडे पळाले.

जीपवाल्याला सीट भरल्याशिवाय निघायचं नव्हतं.

"अवो ताई, अजून दोन यिऊ द्या."

"दोन्ही सीटचे पैसे मी देते. हाल आधी!"

"येवडी काय घाई हाय? कुनी वारलं का?"

"अजून नाही," मी म्हटलं. तो घाबरून निघाला एकदाचा.

धारूरला गाडी बदलली. घाटात रेंज जाते. फोन हातात धरून मी प्रत्येक वळणावर बघत होते आणि डोळ्यांसमोर तो एकच फोटो. पोरीच्या आयुष्याचं मातेरं होईल आणि निमित्त काय, तर आमच्या हिरव्या टिकेचं. देवा, परण्या लांबू दे, म्हणत होते. परण्या म्हणजे लग्न लागायच्या आधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो ती मिरवणूक. आमच्याकडे तिच्यापायी मुहूर्त हमखास टळतो आणि एरवी मी त्यावर तोंडसुख घेत असते.

पोचले तेव्हा परण्या आलेला होता. पण स्टेजवर पुढाऱ्यांचे सत्कार चालू होते आणि एक साहेब माइक सोडायला तयार नव्हते. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, बोला साहेब, मन भरेस्तोवर बोला.

एलईडीवाला पडद्यामागे लॅपटॉप मांडून बसला होता.

"तो स्लाइड शो लावू नको, हा लाव."

"फोटोग्राफरसायबानं दिलाय त्योच लावनार, ताई. मी त्यांनाच ओळकतो."

"मी त्यांची बायको आहे!"

"मंग त्यांनाच फोन लावा की."

मला रडूही येईना आणि हसूही येईना. तेवढ्यात हे कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला मागे आले. मला बघून जागेवरच थांबले. मी नुसतं म्हटलं, "कोमलचा जुना फोटो. तो मुलगा परत आलाय." यांनी लॅपटॉप ओढून घेतला आणि जुनी फाइल स्वतःच उडवली. नवी कॉपी होत होती तोवर बाहेर टाळ्या पडल्या. भाषण संपलं होतं.

स्लाइड शो लागला. मी खांबाला धरून उभी. कोमल बालवाडीत, कोमल सायकलवर, आणि मग तो फोटो आला. हिरव्या साडीत कोमल, तिच्या गजऱ्यावर हात ठेवून आई. बाकी कुणी नाही. आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. तेव्हा कुठे मी खांब सोडला.

नंतर आप्पा हळूच जवळ आले. "ताई, कुटं दिसला न्हाई ना त्यो?"

"नाही, आप्पा."

"बास. लई टेन्शन हुतं मला."

लग्न लागलं, जेवणं झाली, जोडप्याचे फोटो सुरू झाले. नवरदेवानं मला हात करून बोलावलं. बारीक आवाजात म्हणाला, "ताई, आईंचा फोटो लई भारी झाला. बाजूचा मानूस झ्याक काढून टाकलाव."

मी कोमलकडे बघितलं. ती हसत होती.

"पयल्याच भेटीत दाखवलता मी यांना," ती म्हणाली. "पुरा फोटो. समदं सांगून टाकलं. सासूबाईंना बी ठाव हाय."

"पन आप्पांना बोलू नका," नवरदेव म्हणाला. "त्यांना वाटतंय आमाला ठाव न्हाई. वाटू द्या."

मी घाट ओलांडून, जीपवाल्याशी भांडून, जीव मुठीत धरून आले होते ते ज्यांच्यापासून लपवायला, ते सगळं जाणून निवांत जेवून बसले होते! राग आला, आणि रडूही आलं. कोमलनं माझा हात धरला.

"ताई, फ्रेम कापलेल्या फोटोचीच द्या, आप्पा सासरी येतेत. पन मूळ फोटो पुसू नका. आईचा दुसरा हात त्याच्यातच हाय."

तेव्हापासून सॉफ्टवेअर बदललं की मी फोटो मोजत बसत नाही, उघडून बघते. जिथे काही झाकलं असेल, त्याची पक्की कॉपी वेगळी काढते. आणि मूळ फोटो, कुणी कितीही गळ घातली, तरी पुसत नाही.