द्वीनच्या विटा

रोज पीठ मळण्याआधी आमची आई, आरेवहात, खिडकीतून द्वीनच्या टेकडीकडे बघून मान लववायची.

कधीकाळी तिथं आर्मेनियाची राजधानी होती. राजे झाले, बाजार भरले. मग भूकंपानं शहर पाडलं आणि उरलंसुरलं परक्या फौजांनी मोडलं. त्यानंतर शेकडो वर्षांनी घरदार सोडून आम्ही टेकडीशेजारच्या या गावात आलो, तेव्हा रोटी भाजायला भट्टीसुद्धा नव्हती. नांगराच्या फाळाला लागून वर आलेल्या जुन्या विटा गोळा करून आईनं अंगणात खड्डा खणला आणि भट्टी बांधायला घेतली.

शेजारच्या वार्तुश आजी धावत आल्या. "अगं, उजाड शहराची वीट भट्टीला लावतेस? घर उजाड होईल!"

"ते तर आधीच होऊन गेलंय, आजी. विटेनं आणखी काय करायचं राहिलंय?"

आजी बाह्या सारून माती कालवायला बसल्या. "मग नीट तरी लाव. वाकडी भट्टी बांधायला राजधानीच्या विटा कशाला हव्यात?"

त्या भट्टीवर आम्ही भावंडं वाढलो. द्वीननं आणि आजींनी आपल्याला जगवलं, असं आई आल्यागेल्याला सांगायची.

आयुष्याच्या शेवटच्या सकाळी ती मला म्हणाली, "रोट्यांवर फडकं घाल गं, कडक होतील."