पहिल्या पाण्याच्या वाटेवर कुंदाताई

डॉ. कुंदा तांडेल यांना मी प्रथम पाहिले ते पालघरच्या आमच्या महाविद्यालयात. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फावर त्यांचे व्याख्यान होते. किनाऱ्यावरच्या मुरबे गावात आयुष्यभर मासळी विकलेल्या त्यांच्या मातोश्री पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मध्येच विचारले, "बरफ तर आमी पापलेटला लावतो. त्यात एवडं बगायचं काय हाय?"

सभागृह हसले. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "आई, तिकडं जमीन आतून गोठलेली हाय. बरफ वितळला का पाणी खोल मुरत नाय, उतारावरनं धावतं. मातीतला कस संगं नेऊन खालच्या गवताला, ओढ्याला, दर्याला देतं."

त्या उत्तराने मी त्यांची विद्यार्थिनी झाले.

पुढे संशोधनासाठी मी त्यांच्याबरोबर तिकडे गेले. वितळणीचे पहिले पाणी सर्वांत कसदार. हिवाळाभर साठलेले सारे त्यात उतरते. त्याचे नमुने घ्यायचे हुकले की वर्ष वाया. आम्ही त्याचीच वाट पाहत असताना बोईसरहून भावाचा फोन आला. तारापूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे बाबा हृदयविकाराच्या झटक्याने अतिदक्षता विभागात होते. छोट्या विमानतळापर्यंत पोहोचवायला आमची एकच बर्फगाडी होती, आणि ती चालवणाऱ्या फक्त ताई.

"थोडं थांबते, ताई. पाणी सुटू दे," मी म्हणाले.

आमच्यावर रागावल्या की ताई गावच्या बोलीवर येतात. "पाणी पुडच्या वर्षी बी सुटंल. सामान बांद!"

मला सोडून त्या परतल्या तेव्हा ओढा वाहू लागला होता. पहिले पाणी निघून गेले होते. प्रकल्पाच्या वार्षिक बैठकीत ताईंना जाब विचारला गेला, तेव्हा "निर्णय माझा होता," एवढेच त्या बोलल्या. माझे नाव त्यांनी निघू दिले नाही.

बाबा वाचले. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. एका दुपारी बर्फाखालून खळखळ ऐकू आली. ताईंनी गुडघ्यांवर बसून पहिली बाटली भरली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाबांना फोन लाव. सांग, पाणी आलं."

आज एडवण-दातिवऱ्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावांतल्या मुली त्यांच्याकडे संशोधन शिकतात. ताई साठ वर्षांच्या झाल्या. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी बर्फात जाऊ नका असे बजावले असूनही सामानाची बांधाबांध सुरू आहेच. आम्हां सर्वांच्या वतीने एवढेच मागणे, की त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावे आणि त्यांच्या गुडघ्यांनी त्यांचे ऐकावे. कारण ताई काही गुडघ्यांचे ऐकणार नाहीत.