नाडीकाकांची मदत

चाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडल्यावर गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा काकांनी दुकान बंद केलं आणि घरी बसून आजारी पडायचा उद्योग सुरू केला. दर तासाला मनगटावर दोन बोटं ठेवून ते नाडी मोजत आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवत. सोमवारी हृदयाची काळजी, मंगळवारी किडनीची. इमारतीत नावच पडलं, नाडीकाका.

"अहो, तुम्हाला काही झालेलं नाही," काकू म्हणायच्या.

"झालंय गं, सापडत नाहीये!"

एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या मास्तरांची बायको धापा टाकत आली. "काका, हे बाथरूममध्ये अडकलेत. कडी निघत नाहीये!"

"जिना चढू? नाडी एक्क्याण्णव आहे माझी!"

काकूंनी हत्यारांची पेटी त्यांच्या हातात कोंबली.

"काका, डोळ्यांत साबण गेलाय आणि नळाचं पाणी गेलंय!" मास्तर आतून ओरडत होते.

"घाबरू नका, मी आलोय. तोवर गाणं म्हणा."

"नको!" बायको कळवळून म्हणाली. "त्यापेक्षा दार तोडा."

दार तोडावं लागलं नाही. पातळ पट्टी फटीत सरकवून काकांनी दोन मिनिटांत कडी उचलली. मास्तरांनी एका हाताने टॉवेल सावरत त्यांना फेसासकट मिठी मारली. त्या दिवशी काका दोनदा वाढून घेऊन जेवले, दुपारी घोरले. नाडी मोजायचं राहूनच गेलं.

मदतीची चटक लागली. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच बाहेर पडले, पण कुणी कुठे अडकायलाच तयार नव्हतं. शेवटी रस्त्याच्या कडेला एक आजी दिसल्या. काकांनी त्यांचा दंड धरला आणि हॉर्नच्या गोंगाटात, गाड्या थांबवत, त्यांना थेट पलीकडे नेऊन सोडलं.

"मेल्या, मी बससाठी उभी होते! ती बघ, गेली!"

पुढची बस तासाभराने. काकांचा चेहरा पडला. आजींना परत अलीकडे आणून ते त्यांच्यासोबत थांब्यावर बसले.

"निघाला कुठे होतात?"

"बहिणीशी भांडायला. आता तिथे पोहोचेपर्यंत राग निवायचा माझा."

"मग इथेच भांडा. मी होतो बहीण."

काका असे काही फणकारले की आजी चकितच झाल्या. "अगदी अश्शीच बोलते ती!" म्हणत त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. मग सगळं भांडण सांगून टाकलं. दोन वर्षं कुणाजवळ हे बोलले नव्हते, म्हणाल्या. काकांनाही छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. बस आल्यावर काकांनी समोरची आपली इमारत दाखवली. "काही अडलं तर या."

"या" म्हणणं त्यांना आठवड्यात भोवलं. दारात आजी, आणि शेजारी हुबेहूब तशाच दुसऱ्या.

"चूक कुणाची, ते तुम्ही सांगा," दोघी एका सुरात म्हणाल्या.

काकांनी दोन तास मन लावून ऐकलं. दोघींचंही पटलं. तसं सांगितल्यावर बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

"याला काही कळत नाही गं."

"काडीचं नाही."

आणि एकमेकींचा हात धरून, काकांना नावं ठेवत, त्या खिदळत जिना उतरल्या. काका गॅलरीच्या कठड्याला टेकून, त्या कोपऱ्यावर दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले.