सावडीच्या वहीतले अंगठे

निवृत्तीनंतर मी बऱ्याच केसेस लिहिल्या. खून लिहिले, दरोडे लिहिले. ही केस मात्र दर वेळी बाजूला ठेवली. वास्तविक माझ्या नोकरीतल्या चांगल्या तपासांपैकी हा एक. त्याचं प्रशस्तिपत्र घरात भिंतीवर आहे. तरीही ती घटना आठवली की हात थांबतो. आता वय झालं. जे घडलं ते जसंच्या तसं नोंदवतो. नाव कुणाचंच देत नाही.

मी तेव्हा कल्याण तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना होता. सकाळी ठाणे अंमलदारानं फोनवरची खबर डायरीत घेतली. एका आदिवासी पाड्यावर ख्रिश्चन लोक फुकट घरं बांधून देताहेत आणि त्याबदल्यात धर्मांतराच्या वहीत अंगठे घेताहेत, अशी खबर होती. फोन करणाऱ्यानं नाव सांगितलं नाही.

मी लगेच गाडी काढली. पाड्यावर डोंबिवलीच्या एका चर्चची वीसेक माणसं होती. कुणी बँकेत, कुणी शिक्षिका, काही कॉलेजची मुलं. सगळे दहा दिवसांची रजा काढून आलेले, जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरलेले. त्यांचा तो आठवा दिवस होता. कुडाच्या सात झोपड्यांच्या जागी विटांची घरं चालली होती. सहांवर पत्रे चढले होते. सातवं एका विधवा आजीचं. त्याच्या भिंती खांद्यापर्यंत आल्या होत्या.

त्यांचे प्रमुख म्हणजे साठी उलटलेले, कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन. मूळचे वसईचे, घरात मराठीच. त्यांच्या पिशवीत वही सापडली. पानोपानी निळे अंगठे.

“हे काय?”

“हजेरी आहे, साहेब. इथं सावडीनं काम चालतं.”

सावड मला ठाऊक होती. आज तू माझ्या शेतात राब, उद्या मी तुझ्या. जो इतरांच्या घरांवर राबेल त्याचं घर उभं राहील, असा त्यांनी नियम केला होता म्हणे. रोज संध्याकाळी ज्याचा त्याचा अंगठा.

“हजेरीला अंगठे? पोलिसाला शिकवता? देव विकायला आलात की घर बांधायला?” मी सर्वांसमोर म्हणालो.

ते शांतपणे म्हणाले, “आजीचे पत्रे तेवढे चढवू द्या. मग जिथं न्यायचं तिथं न्या.”

मी काम बंद केलं. वही, थाप्या, ओळंबे, पत्रे सगळं जप्त. फोरमनना तीन दिवस सकाळी ठाण्यात बोलवायचो, संध्याकाळी सोडायचो. बाकावर जागा असताना जमिनीवर बसवायचो. तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचो. उत्तर एकच, हजेरी.

दुसऱ्या दिवशी एक जमीन-दलाल अर्ज घेऊन आला. पाड्यावरच्या अकरा जणांची तक्रार, खाली अकरा अंगठे, तारीख आदल्या दिवसाची. ‘घराचं आमिष दाखवून आमचा धर्म बदलत आहेत.’ मला वाटलं, केस पक्की झाली.

तिसऱ्या दिवशी आमच्या हवालदार बाई वही आणि अर्ज शेजारी ठेवून बसल्या होत्या.

“साहेब, रागावू नका. अर्जावरचे अंगठे परवाचे नाहीत.”

“कशावरून?”

“वहीत पहिला दिवस बघा. रेघ न् रेघ दिसते. सातव्या दिवशी नुसता डाग. सिमेंट कातडी खातं. माझी आई बिगारी होती. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा कधी उठलाच नाही, दुकानदार हाकलून द्यायचा. आणि अर्जावर आठव्या दिवशी एवढा लख्ख?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या बाईंचा मला आजही अभिमान वाटतो.

आजीला बोलावून अर्ज दाखवला.

“असा कागूद मी नाय पाह्यला, सायेब. दिवाळीच्या आधी ह्यो दलाल आलेला. रेशनकार्ड करून देतो बोलला. कोऱ्या कागदावं आंगठं घेतलं आमचं.”

मग दलालाला बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला.

“तुमची साक्ष महत्त्वाची. अंगठे घेतले तेव्हा हजर होता?”

“होतो तर! परवा संध्याकाळी, माझ्या डोळ्यांसमोर घेतले साहेब.”

तेवढं जबाबात लिहून घेतलं, सही घेतली. मग आजीला आत बोलावून कोऱ्या कागदावर अंगठा उठवायला सांगितला. निळा डाग उठला. तो कागद आणि अर्ज दलालापुढे सरकवले.

आजी त्याच्याकडे बघून म्हणाली, “काय रं, माजी कातडी तुज्याकडं गहाण हाय का?”

त्यानं पाणी मागितलं. त्याच्या ऑफिसच्या झडतीत अंगठ्यांचे आणखी कागद मिळाले. दोन कागदांवर मजकूर छापून झाला होता, ‘आम्ही जागा स्वखुशीने सोडत आहोत.’ शीळफाट्याकडचा रस्ता रुंद होणार म्हणून जमिनीचे भाव चढले होते. कुडाची झोपडी हलवता येते, विटांचं घर हलत नाही. म्हणून त्याला घरं बांधणारी ही माणसं घालवायची होती. पहिला फोनही त्याचाच होता. कोर्टात अंगुलिमुद्रा तज्ज्ञानं हवालदार बाईंचंच म्हणणं सांगितलं. दलालाला शिक्षा झाली. पाडा जागेवर राहिला, आजही आहे. त्या रस्त्यानं जाताना मी गाडी हळू करतो. ऊर भरून येतो.

आता उरलेलं. दलाल फुटला तो दहावा दिवस होता. जप्त सामान परत पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. रजा संपल्या होत्या, माणसं पांगली. आजी इतर सहा घरांची रेती डोक्यावरून वाहून आपल्या पाळीची वाट बघत होती. तिनं पावसाळा अर्ध्या भिंतींना ताडपत्री बांधून काढला. भाद्रपदात न्यूमोनियानं गेली. पुढच्या मे महिन्यात तीच मंडळी पुन्हा आली आणि पत्रे चढवले. आता त्यात तिची नात राहते.

नव्या अधिकाऱ्यांना मी सांगत असे, खबर कुणाच्या फायद्याची आहे ते आधी बघा. आणि चौकशी करायची म्हणून कुणाचं चालू काम बंद पाडू नका. ते तीन दिवस घ्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं, मी माझ्या तोऱ्यात घेतले. पाड्यावरच्या एका माणसाला विचारलं असतं तरी पुरे होतं.

निकालानंतर वही परत करायचा हुकूम झाला. शिपायाला पाठवता आलं असतं, पण मी स्वतः डोंबिवलीला फोरमनच्या घरी गेलो. काय बोलायचं ते जिना चढताना मनात ठरवलं होतं. माझं चुकलं, तुमचंही आणि आजीचंही मी नुकसान केलं. त्यांनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली, आतून पाणी आणलं. वही हातात घेऊन विचारलं, “सही कुठं करू?” मी पावती पुढे केली. त्यांनी चष्मा लावून नीट सही केली.

“आणखी काही, साहेब?”

मी म्हणालो, “नाही. एवढंच.”