मामाजींनी जोतून पाहिलेलं वेल्डिंग मशीन

जगातली प्रत्येक वस्तू मुळात बैलच असते, असं मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आणि तो नेमका माझा सासरा निघावा, याबद्दल माझी तक्रार आहे. मारेगावकडच्या बैलबाजारात मामाजींच्या नजरेचा दबदबा होता, त्यांनी मान हलवल्याशिवाय लोक दाव्याला हात लावत नसत, हे मी नाकारत नाही. पण त्याच नजरेने त्यांनी माझ्या लग्नातला फ्रिज घेतला. दार उघडून आत तोंड घातलं आणि म्हणाले, "दातानं बरा हाय." मुलीसाठी मला पाहायला आले तेव्हा आधी अंगणातून विहिरीपर्यंत चालवून आणलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी! पदवीचा कागद पाहायला मागितला असता तर काही बिघडलं असतं का? नाही. चाल पाहिली.

माझ्याकडे एक जुनी व्हॅन आहे. आमच्या घरातली पहिली चारचाकी. पंधरा वर्षं झाल्यामुळे तिचं पुन्हा पासिंग करायचं होतं आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून असा गेला होता की ब्रेक दाबताना खालचं डांबर दिसायचं. पासिंग आठ दिवसांवर. तोवर नवा पत्रा बसला नाही तर गाडी भंगारात. गॅरेजवाले म्हणत होते, पुढच्या महिन्यात आणा. म्हणून ठरवलं, परवडेल असं वेल्डिंग मशीन घ्यायचं आणि घरीच काम करायचं. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी लोखंडी गेट बनवणाऱ्याच्या दुकानात राबलो आहे, हात बसलेला आहे, त्याची मला लाज नाही. शिवाय मी रीतसर अभ्यास केला. कांडीवालं मशीन स्वस्त पडतं, पण ते गेटा-खिडक्यांच्या जाड लोखंडाला ठीक. गाडीच्या पातळ पत्र्याला सरळ भोकं पाडतं. तेव्हा बारीक वायरवालं, गॅसची टाकी न लागणारं, घरच्या प्लगवर चालणारं मशीन हवं. सगळे मुद्दे कागदावर लिहून काढले. एवढं झाल्यावर बायकोने सहज म्हणून माहेरी फोन केला. दुसऱ्या दिवशी मामाजी एसटीने आमच्या बाभुळगावला हजर.

"जवाईबुवा, जनावर पाह्याले गेलते का कुठं?"

"मामाजी, मशीन हाय ते."

"तेच म्हनतो मी. पाह्यलं का?"

यवतमाळच्या दुकानात त्यांनी माझ्या पसंतीच्या मशीनभोवती तीन फेऱ्या मारल्या. पाठीवरून हात फिरवला. हँडल धरून जरा उचललं आणि तोंड वाकडं केलं. मग दुकानदाराला विचारलं, "कामात असताना मधातच बसते का हो हे?"

"नाही काका, एक नंबर माल आहे."

"सारेच तेच म्हनते." एवढं बोलून त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा दुकानदाराच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं दाबायला लागले. बैलबाजारात भाव असाच ठरतो, पण ते त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार! त्याने विंचू चावल्यासारखा हात ओढला. "काका, भाव खोक्यावर लिहिला आहे!"

मी शरमेने अर्धा झालो होतो. मामाजींना त्याचं काही नव्हतं. "एक दिवस आमच्या घरी जोतून पाह्यतो. चाललं त ठेवतो, नाई त वापस."

न राहवून मी म्हणालो, "मामाजी, हा बैल नाई!"

"म्हनूनच म्हनून राह्यलो. बैलाचं निदान चेहऱ्यावरून समजते."

दुकानदार कबूल झाला. मला वाटतं, आम्ही लवकर निघावं एवढीच त्याची इच्छा असावी.

घरी आणलं, अंगणात व्हॅनजवळ मांडलं, ठिणगी उडाली आणि मशीनने 'घुंऽऽ' करून लाल दिवा लावला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेतातल्या मोटारी सुरू असल्या की आमच्या गावचं व्होल्टेज पार खाली जातं. माझ्या कागदावर वायर होती, पत्रा होता, वजन होतं. आमच्या गावची लाईट नव्हती.

ओट्यावर बसलेले मामाजी एवढंच बोलले, "बसलं."

त्या एका शब्दाचा राग अजून गेलेला नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. दुसरं मशीन आणलं, तेही बसलं. तिसरं वायरवालंच, जरा जड, कमी व्होल्टेजवर चालणारं. ते मामाजींनी भर दुपारी, सगळ्या मोटारी सुरू असताना जोतायला लावलं. नाही बसलं. पासिंगला तीन दिवस उरले होते. मी दोन दिवसांत पत्रा बसवला आणि गाडी पास झाली.

आणि नाव कोणाचं? अभ्यास माझा, हात माझा, ठिणग्यांनी भोकं पडली ती माझ्या शर्टाला, आणि चहाच्या टपरीपासून पासिंगच्या रांगेपर्यंत मामाजी सांगत सुटले, "जवाई शिकेल हाय, पन मशीन म्या काढून देल्लं!"

त्यांना सोडायला मी त्याच व्हॅनने मारेगावकडे गेलो. त्यांच्या घरी पोचल्यावर पाहिलं, गोठ्यात दावणीला खताची पोती लावलेली. शेवटची जोडी उन्हाळ्यात विकली म्हणे; आता सगळीकडे ट्रॅक्टर, बाजारात कोणी विचारायला येत नाही. मी निघालो तर मामाजी खिडकीपाशी आले.

"जवाईबुवा, अजून काई घ्याचं असन त सांगजा."

"आता काई नाई घ्याचं," मी म्हणालो. जरा तोडूनच.

त्याला महिना झाला. परवा बायकोला म्हटलं, पाण्याची मोटार जुनी झाली, नवी पाहायला हवी. ती म्हणाली, "चांगली त चालून राह्यली!"

चालते, हो. मलाही ऐकू येते. तरी म्हटलं, मामाजींना फोन लाव.