दोऱ्यातला क्रूस

आमच्या शेजारच्या फ्लोरीमावशीबरोबर मी सरकारी दवाखान्यात गेले होते. तिचा मुलगा सायमन सकाळी हायवेवर ट्रकखाली सापडून गेला होता. कारकुनाने तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिली. तीत त्याचं घड्याळ, पाकीट आणि काळ्या दोऱ्यातला लहानसा क्रूस होता.

तिचा दीर कडवटपणे म्हणाला, "हा गळ्यात असून काय उपयोग झाला, वहिनी?"

मलाही तेच वाटत होतं. देव राखतो म्हणतात, ते नेमकं कशापासून? ज्याचा स्वतःचा मुलगा क्रूसावर गेला, त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं, की माझा तेवढा वाचव?

मावशीने दोरा बाहेर काढून पदराने पुसला. "मरू नये म्हणून नव्हता घातला मी," ती म्हणाली. "माझा हात पोचणार नाही तिथं त्याला एकटं वाटू नये, म्हणून घातला होता."

तिने दोरा मुठीत धरला. मग माझ्याकडे वळली.

"अर्धा तास तो रस्त्यावर जिवंत होता म्हणे. एकटं वाटलं असेल का गं त्याला?"

मी "नाही" म्हणाले, आणि तिच्याकडे बघायचं टाळलं.