मध्यपाटीवरचा पाय

यवतमाळ जिल्ह्यात खेळ शिकवणारे मास्तर पुष्कळ आहेत, पण ज्याच्यावर मनापासून, जीव ओतून जळावं असा एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. तो मारेगावकडच्या एका हायस्कुलात पी.टी. शिकवतो, मी आर्णीकडच्या. त्याची बायको माझ्या बायकोची धाकटी बहीण, म्हणजे सासुरवाडीत पहिला मान माझा. म्हणजे असायला हवा. प्रत्यक्षात पांढरकवड्याला सासऱ्यांच्या घरी आम्ही दोघं एकदम पोचलो की सासूबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या माझ्या समोरून सरळ पुढे जातो. "लहाने जवाई, औंदा किती ढाली आनल्या?" असं त्याला कौतुकाने विचारतात, आणि मग आठवण झाल्यासारखं माझ्याकडे बघून, "तुमची तब्येत बरी हाय नं?" एकोणीस वर्षं माझी तब्येत बरी आहे. माझे संघ तालुक्याच्या पुढे गेले नव्हते, एवढंच.

या माणसाला मोकळी जागा दिसली की राहवत नाही, तिथे तो खो-खोचं मैदान आखतो. आखायची पांढरी फक्की पिशवीभर त्याच्या मोटारसायकलला टांगलेलीच असते. एका दिवाळीला सासूबाई रांगोळीचा डबा घेऊन अंगणात येईपर्यंत याने आठ चौरस आखून पहिल्या चौरसात सासऱ्यांना बसवलंही होतं. सासरे सत्तरीचे, गुडघ्यांनी बेजार. मी मनात म्हटलं, आता खा शिव्या! कसल्या शिव्या अन् कसलं काय. याने पाठीत हलकी थाप मारून "खो!" म्हणताच म्हातारा उठला, चार पावलं पळाला, आणि दिवसभर गल्लीत सांगत फिरला. त्यांच्या गुडघ्यांसाठी तेल दरवेळी मी नेतो. त्याबद्दल गल्लीत कोणी काही ऐकलेलं नाही.

खेळाडू निवडायची त्याची तऱ्हा तर विचारूच नका. मी आपला जूनमध्ये शाळा भरली की पोरापोरींना मैदानावर उभं करतो, पळवतो, वेळ टिपतो. हा वावरावावरांतून हिंडतो. कापूस वेचताना कोणती पोरगी कमरेतून वाकते आणि कोणती नुसती मान खाली घालते, हे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून बघत बसतो. लोकांना आधी वाटलं सरकारी माणूस आहे, मग वाटलं डोक्याने गेला आहे. त्याच्या संघातली काजल त्याला अशीच सापडली. बंजाऱ्यांच्या तांड्याबाहेर एक बकरी दावं तोडून पळाली होती, आणि ही पोरगी तिच्यामागे धावताना बकरीच्याही आधी वळत होती. साडूने गाडी तिथेच आडवी टाकली आणि बकरीमागे पोरगी, पोरीमागे हा, आणि याच्यामागे काठी घेऊन पोरीचा बाप, अशी वरात अर्धा तांडा फिरली. मला कोणी काठी घेऊन गाठलं असतं तर माझी बदलीच झाली असती. हा त्याच घरी भाकर-ठेचा खाऊन, पोरीच्या आईला त्यांच्या बोलीत "याडी, याडी", म्हणजे आई, म्हणत, पोरीचं नाव शाळेत घालूनच उठला. आता त्या तांड्यावर लग्न असलं की पत्रिका सरपंचाआधी याला जाते.

त्याच्यावर जळण्यात माझी अशी वर्षं चाललेली असताना यंदा ऑगस्टमध्ये नवल घडलं. माझ्या सतरा वर्षांखालच्या मुली तालुक्याला खो-खोत पहिल्या आल्या. मी मैदानाच्या कडेला जाऊन डोळे पुसत होतो, तेवढ्यात फोन वाजला. "साडूभाऊ! अरे बाप्पा, जिंकल्या न पोट्ट्या! मी इकडं नाचून राह्यलो!" त्याला कोणी कळवलं देव जाणे. माझ्या आयुष्यातला पहिला आनंद, तोही त्याने माझ्याआधी साजरा करून टाकला. असा संताप आला म्हणून सांगू!

मग जिल्ह्याची स्पर्धा यवतमाळला. तिथे पंच म्हणून उभे राहतो ते आम्ही पी.टी.वालेच. आपली टीम खेळत नसेल तेव्हा शिटी गळ्यात अडकवायची आणि दुसऱ्यांच्या सामन्याला उभं राहायचं, ही आमच्यातली रीत. माझ्या पोरी उपांत्य सामना जिंकून फायनलला पोचल्या. दुसरा उपांत्य सामना साडूच्या टीमचा, आणि एका बाजूचा पंच म्हणून नेमकं माझं नाव आलं. समोरच्या शाळेचे सर तडकले. "हे तं साडू होत एकमेकाचे! हे त्याइच्याच बाजूनं वाजवतीन!" साडू खो खो हसला. "अहो सर, माझा साडू हाय तो. सख्ख्या भावासाठी खोटी शिटी वाजवनार नाही. राहू द्या त्याले."

शेवटचं मिनिट आलं. एक गडी बाद झाला तर सामना साडूचा, नाही तर समोरच्यांचा. काजल उठली, वळली आणि पळणाऱ्या पोरीवर सूर मारून तिला शिवली. खो-खोत उठताना मधल्या पट्टीला, म्हणजे मध्यपाटीला, पाय लागला तर फाउल, आणि फाउलवर मिळालेला गडी धरत नाहीत. काजलची टाच आणि पाटीची रेघ यांत चांगलं चार बोटं अंतर होतं. मी दोन हातांवर उभा होतो, मला स्वच्छ दिसलं. पण त्याच क्षणी मला फायनलही दिसली, समोर याची टीम, पुन्हा ढाल याच्याच हातात, पुन्हा तो तांब्या पुढे जाणारा. शिटी वाजली. वाजली कसली, मी वाजवली. "फाउल!"

एरवी हा माणूस पंचांशी असा भांडतो की रेघेशेजारी पालथा पडून माती दाखवतो. त्या दिवशी शांतपणे माझ्याजवळ आला. "लागला का, साडूभाऊ?"

"लागला."

"मंग लागला," म्हणाला, आणि रडणाऱ्या पोरींना गोळा करून घेऊन गेला. फायनलला त्यांनाच मैदानाच्या कडेला बसवून त्याने माझ्या शाळेच्या नावाने ओरडायला लावलं. आम्ही जिंकलो. विभागाला अमरावतीत पहिल्याच सामन्यात हरलो, पण ते कोणी विचारत नाही. दिवाळीला सासूबाईंनी पाणी पहिल्यांदा मला दिलं, आणि ढालीची हकिकत घरभर रंगवून सांगितली साडूनेच. एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो तांब्या मी न पिताच साडूकडे सरकवला.

संक्रांतीच्या वाणासाठी जानेवारीत बायकोला बहिणीकडे घेऊन गेलो. साडू शाळेच्या मैदानावर आहे म्हणून कळलं, तिकडे वळलो. सगळ्या पोरी खेळत होत्या आणि काजल एका बाजूला एकटीच. तिच्यासाठी मध्यपाटीच्या चार बोटं अलीकडे सुतळी ताणलेली, सुतळीला बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. पोरीने उठायचं, वळायचं, टाच सुतळीला लागली की घुंगरू वाजणार. ते वाजत नव्हतं. पण प्रत्येक वळणाआधी पोरगी खाली पायाकडे बघत होती. बकरीच्या आधी वळणारी ती पोरगी!

"चार महिने झाले," साडू मला म्हणाला, "रोज शंभर वळनं. पाय लागते तिचा, अन् मले कधी दिसलंच नाही, पाहा. तुमी पकडलं म्हून बरं झालं. नाही तं पोरगी चुकतच राह्यली असती." आणि माझा हात हातात घेऊन खरोखर आभार मानले हो त्याने.

मी हात सोडवून घेतला. "तिचा पाय लागला नव्हता," मी म्हटलं. "मी खोटी शिटी वाजवली. तुमच्यावर जळतो मी. पहिल्यापासून जळतो."

त्याने खाली बसून सुतळीची गाठ सोडली, ती सावकाश हाताला गुंडाळली. मग म्हणाला, "मले सांगतलं ते ठीक झालं. पन वळनं म्या नाही मारली. तिले सांगा."

वीस पावलांवर होती ती. शाळेतल्या पोरीसमोर जाऊन उभं राहायला इतका वेळ मला कधी लागला नव्हता. मी सांगितलं. तिने आधी तिच्या सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मले मालूम हाय सर. म्या तवाच सांगतलं होतं. पन सर मनले, माझा साडू खोटं वाजवत नाही." आणि आपल्या चौरसात जाऊन बसली. पुढचा खो मिळाल्यावर उठली, वळली. खाली बघितलंच तिने.

साडूने बोलणं टाकलं नाही. फोन करतो, हसतो, फक्त फोनवर माझ्या संघाबद्दल विचारायचा तो विचारेनासा झाला. महिन्याभराने त्याच्या शाळेचे वार्षिक खेळ होते. दरवर्षी मला पंच म्हणून बोलावतो. यंदा बोलावेल असं वाटलं नव्हतं. "या न साडूभाऊ," म्हणाला, "लांब उडी मोजायले या." शिटी नाही, टेप. गेलो. दिवसभर वाळूच्या कडेला उकिडवा बसून एकेक उडी दोनदोनदा मोजली. दुपारी काजलची पाळी आली तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला तो स्वतः आला, बगलेत वही घेऊन. काजलने उडी मारली. मी मोजलं, पुन्हा मोजलं.

"किती, साडूभाऊ?"

मी आकडा सांगितला. टेपकडे न बघता त्याने तो वहीत लिहिला. जळतो मी त्याच्यावर, अजूनही.